तेविसावी किल्ली

२ ऑगस्ट

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

छन्न-छळ्ळ, छन्न-छळ्ळ... आज सकाळी खिडकीशी चहा घेत बसलो होतो आणि गल्लीतून कोणीतरी किल्ल्यांचा जुडगा वाजवत गेलं. माझा कप ओठांपाशीच थांबला. दाजी यायचे तेव्हा आधी हाच आवाज यायचा, मग जिन्यावर चपला, आणि सगळ्यात शेवटी ते स्वतः. कमरेला तेवीस किल्ल्या! तू लहानपणी 'बाबा वाजतात, बाबा वाजतात' करत त्यांच्यामागे नाचायचीस. वर्गात कवितेचा ठेका धरायला मला मुलांकडून टाळ्या वाजवून घ्याव्या लागत. तुमच्या घरी ठेका आयताच होता.

दाजींना जाऊन अकरा वर्षं झाली. ते गेल्यावर कोणती किल्ली कशाची हे शोधण्यात तुझे आठ महिने गेले होते, आठवतं? तारेची कोठी, भट्टीघर, गोदाम, लोखंडी कपाटं, सगळं त्यांच्या डोक्यात, आणि ते डोकंच निघून गेलेलं. बावीस किल्ल्या लागल्या. तेविसावी कशालाच लागली नाही. आता तो जुडगा तुझ्या कमरेला वाजतो.

आजच हे सगळं का आठवावं? काल ताईचा फोन आला होता. तू स्प्रिंगा वळवायचं नवं मशीन घेते आहेस, म्हणाली. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो! हाताने फिरवायच्या एका लेथवर दाजींनी सुरू केलेला कारखाना कुठे आणि हे कुठे! पण मग ती हळूच म्हणाली, "त्यासाठी राहतं घर तारण ठेवायचं म्हणते ती." आणि लगेच माझ्या गुडघ्यांची चौकशी करू लागली. तुझी आई असा विषय बदलते तेव्हा ती घाबरलेली असते. सत्तर वर्षं ओळखतो मी तिला.

फोनवर तुझ्या मशीनच्या खडखडाटात मला 'काय? काय?' याखेरीज काही बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. धंद्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण छत्तीस वर्षं शाळेत नोकरी करून पगारावर जगलो आहे, आणि त्या विद्येत मी तुमच्या अख्ख्या बाजाराला शिकवू शकेन. तेव्हा पहिला प्रश्न, पाटीवर लिहून घे: तुझा पगार किती?

तुझा मामा


९ ऑगस्ट

मामा, सा. न.

मालकिणीला पगार? तुझं पत्र फोरमनबाईंना वाचून दाखवलं तर त्यांना हसता हसता ठसका लागला. अरे, लागतील तसे गल्ल्यातून घेते. आईची औषधं, विजेचं बिल, भाजी. महिना बरा गेला तर घरात नव्या चादरी येतात, नाहीतर जुन्या उलट्या घालतो.

आता मशीन ऐक. मिनिटाला दोनशे स्प्रिंगा, मामा, दोनशे! आपलं जुनं धापा टाकत चाळीस देतं. एका बाजूने तार आत जाते आणि दुसरीकडून स्प्रिंगा अशा उड्या मारत बाहेर येतात, जशी तुझ्या शाळेची घंटा झालीय. मी कंपनीच्या त्या दालनात तासभर नुसती बघत उभी होते. तिथल्या माणसाने दोनदा खुर्ची आणून दिली. दवाखान्यांच्या खाटा बनवणारे एक मोठे कारखानदार आपल्याला तीन वर्षांची ऑर्डर द्यायला तयार आहेत. मशीन आलं की घेतलीच!

घर काय, कागदावर जाणार, तेही तीन वर्षं. भिंती कोणी उचलून नेत नाही. आणि मी काही बेफिकीर नाही हं. मशीनचा विमा आहे, भट्टीचा आहे, टेम्पोचा आहे. माझा नाही, पण मी कुठे बंद पडते?

घाईत,
खारूताई


१४ ऑगस्ट

चि. खारूताई,

पत्र वाचून मी घरातल्या घरात तीन फेऱ्या मारल्या. म्हणजे तुझ्या कारखान्यात पंधरा माणसं राबतात आणि चौदांना पगार मिळतो! पंधराव्या बाईच्या घरी चादर उलटी घालतात. अशा मालकाविरुद्ध मी तरुणपणी मोर्चा काढला असता.

'मी कुठे बंद पडते' हे वाक्य मी जसंच्या तसं ओळखलं. अक्षर तुझं, बोलणं दाजींचं.

आता गृहपाठ. सगळ्यात आधी, एक तारखेला चौदा जणांबरोबर तुझाही पगार. हजेरीबुकात सही करून, घराच्या वेगळ्या खात्यात. त्या खात्याकडे दुकानाने (दाजी कारखान्याला दुकानच म्हणत) बघायचंही नाही. मी यावर दोन ओळी रचल्या आहेत, कपाटाच्या दारावर चिकटव:

एक तारखेला उजाडलं की आधी घराचा घास,
उरलंसुरलं दुकान खाईल, त्याचा कसला त्रास!

वृत्त दुसऱ्या ओळीत लंगडतंय, पण चौथीतली मुलंसुद्धा हे एका दमात पाठ करतील. त्या पगारातून थोडं थोडं बाजूला टाकून आधी सहा महिन्यांचा घरखर्च साठव. तो जमला की सांग, मी इथे टाळ्या वाजवीन. आणि भट्टीच्या आधी स्वतःचा विमा उतरव, वेडाबाई. भट्टी दुसरी मिळते.

शिवाय एक मोठ्ठा गृहपाठ. तेवीस किल्ल्यांची यादी कर. कोणती कशाची, आत काय, आणि तुझ्याखेरीज कोणाला माहीत. तिसऱ्या रकान्यात एकही जागा मोकळी सोडायची नाही. तुला कारखान्यात जाता आलं नाही म्हणून काही अडलं, असं होता कामा नये. तू शेवटचा मुक्काम माझ्याकडे कधी केलास? मला आठवत नाही, कारण केलेलाच नाहीस.

मामा


२ सप्टेंबर

मामा!!!

काल मी पगार घेतला!

रांगेत उभी राहिले, खोटं नाही सांगत. फोरमनबाई हजेरीबुक घेऊन बसलेल्या. मला म्हणाल्या, "बाई, तुमचं नाव कुठे घालू? झाडूवाल्या मावशींच्या वर की खाली?" मावशी म्हणाल्या, "खाली घाला, त्या नवीन लागल्यात." सगळा कारखाना हसला. माझा पगार ड्रायव्हरपेक्षा कमी ठेवलाय, त्यावर ड्रायव्हर म्हणतो, "बाई, सहा महिने नीट काम करा, वाढवून देऊ." मग मी सही ठोकली. वीस वर्षं काम करतेय, पण कमावलं असं पहिल्यांदा वाटलं.

आणि पहिल्या पगाराचं काय आणलं ओळख? चष्मा! दोन वर्षं पुढे ढकलत होते, तारेची जाडी बोटांनी चाचपून सांगत होते. चष्मा लावून कारखान्यात शिरले तर भिंतीचा रंग हिरवा! मी आपली राखाडी समजत होते. विम्याच्या माणसालाही बोलावलंय. तुझ्या ओळी कपाटावर आहेत. लंगड्या ओळीत मावशींनी स्वतःचा एक शब्द घातलाय, तो इथे लिहीत नाही.

किल्ल्यांची यादी सोबत. बघ, बावीस ओळी भरल्या. अठरा ठिकाणी तिसरा रकाना मोकळा होता, आता फोरमनबाईंचं नाव आहे. एका दुपारी हे झालं, मामा. मला वाटलेलं वर्ष लागेल.

राहिली तेविसावी. लहानशी, पितळी, डोकं पानासारखं, त्यावर सातचा आकडा. कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली आहे, बघून ठेव. तुला तरी काय कळणार म्हणा.

एकच कटकट आहे. घराचं मूळ खरेदीखत सापडत नाही. बँकेला तेच हवंय, नक्कल चालत नाही. तीस तारखेला अकरा वाजता सह्या आहेत. तोवर नाही मिळालं तर कर्ज गेलं आणि ऑर्डरही गेली. आई आणि मी माळ्यापासून गाद्यांपर्यंत सगळं उलथंपालथं करतोय. मिळेलच!

तुझी पगारदार भाची


८ सप्टेंबर

चि. खारूताई,

पत्र मिळालं. पगाराचं वाचून आनंद झाला. चष्मा जपून वापर, काच खाली करून ठेवू नकोस.

इकडे सगळं ठीक. शाळेच्या पुस्तकात ओढ्यावरची एक कविता होती, ती सध्या फार आठवते. गुडघे बरे आहेत. कुंडीतल्या रोपाला दोन नवी पानं आली.

ताईस नमस्कार.

मामा


१४ सप्टेंबर

मामा,

हे काय? आठ ओळी? माझ्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या बातमीला आठ ओळी, आणि त्यात गुडघे आणि कुंडी? आईला दाखवलं तर ती म्हणाली, "याने काहीतरी लपवलंय. लहानपणी दौत सांडली की हा असाच ओढ्याबद्दल बोलायचा." तब्येत बिघडली असेल तर सरळ सांग. माझ्याकडे आता घरखर्चाचं वेगळं खातं आहे, डॉक्टरचे पैसे गल्ल्यातून काढायचे नाहीत एवढं मला कळतं!

खरेदीखत अजून नाही. पण खाटावाले दोनदा येऊन गेले, मशीनची जागा आखून झाली. खडूने चौकोन काढलाय आणि सगळेजण त्याला वळसा घालून चालतात, जसं ते आत्ताच तिथे उभं आहे. मामा, मला इतकं छान कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. काय झालंय ते लिही.

खारू


२० सप्टेंबर
(कुरियरने)

चि. खारूताईस,

ताईने बरोबर ओळखलं. दौत सांडली आहे, आणि ती वीस वर्षांपूर्वी सांडली होती.

तुझ्या यादीवरची पेन्सिलची आकृती मी खिडकीशी धरली आणि पुन्हा पुन्हा बघितली. पानासारखं डोकं, सातचा आकडा. तोच आकडा माझ्या कुंडीखाली आहे. कुंडी एका लोखंडी पेटीवर आहे. त्या पेटीच्या कुलपावर सात कोरलेला आहे. रोज पाणी घालताना मी तो बघतो!

ती पेटी दाजींची आहे. वीस वर्षांपूर्वी ते एका दुपारी आले. किल्ल्या वाजल्या, ते मला लख्ख आठवतं. मी तेव्हा कवितापाठाच्या स्पर्धेसाठी मुलांना कविता निवडत होतो, मोठ्याने म्हणत, हातवारे करत. त्यांनी पेटी कोपऱ्यात ठेवली आणि ते काहीतरी बोलले. मी म्हणालो, "हो हो, ठेवा." काय बोलले? पोरी, आवाज कानात आहे पण शब्द नाहीत. 'दुकानापासून लांब राहू दे' एवढाच तुकडा उरलाय. पुढे मी त्या पेटीवर कुंडी ठेवली आणि विसरलो. तू आठ महिने कुलपं धुंडाळत होतीस तेव्हा मी तुला पत्रातून धीर देत होतो, आणि एक कुलूप माझ्या पायाशी होतं.

आत काय आहे, मी पाहिलेलं नाही. पण जे बँक मागते आणि तुला सापडत नाही, ते तिथेच असणार.

आता खरं सांगतो. बारा दिवस मी लाजेने गप्प नव्हतो. मी गप्प राहिलो असतो तर कागद मिळाले नसते, सही झाली नसती आणि ताईचं छप्पर वाचलं असतं. एक कुंडी हलवायची नाही, बस, एवढंच काम होतं. रोज सकाळी पाणी घालायचो आणि स्वतःची पाठ थोपटायचो. पण घर तुमचं आहे. तुला गृहपाठात 'काही लपवू नकोस, यादी कर' म्हणून सांगायचं आणि तेविसाव्या ओळीवर आपणच बसून राहायचं, असा मास्तर मी नाही.

काय करायचं ते तू ठरव. माझं मत तुला ठाऊक आहे. दुकानाचा धोका दुकानाने घ्यावा, ज्या उशीवर तुझी आई डोकं ठेवते ती त्यात ओढू नये. इतकं बोलून गप्प बसतो.

मामा


२४ सप्टेंबर

मामा,

पत्र तीन वेळा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसून.

राग आलाय. खूप. कुंडीचा नाही, बारा दिवसांचा. मी इथे गाद्या फाडत होते. आणि त्याच वेळी इतकं हसू येतंय की फोरमनबाई विचारताहेत, बाई, बरं वाटतंय ना. बाबा दर महिन्याला तुझ्याकडे यायचे, त्या पेटीशेजारी बसून चहा प्यायचे, आणि तू कधी विचारलं नाहीस!

एकोणतीस तारखेला ड्रायव्हरला पाठवते. पेटी त्याच्याकडे दे, किल्ली माझ्याकडे आहे. मला यायला जमणार नाही. तीस तारखेला अकरा वाजता बँक.

खारूताई


३० सप्टेंबर

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

काल ड्रायव्हर आला नाही. मी सकाळपासून पेटी पुसून दाराशी ठेवली होती. कुंडी खिडकीत हलवली. टेम्पोचा आवाज आला की जिन्यापर्यंत जायचो. संध्याकाळी ताईला फोन लावला, तर म्हणाली, "मला काही विचारू नकोस, तुझे गुडघे कसे आहेत?" म्हणजे तिलाही माहीत आहे आणि तिला सांगायचं नाही. तुम्ही मायलेकी मला वेड लावणार!

आता साडेदहा वाजलेत. अर्ध्या तासाने तू बँकेत असशील. कागदांवाचून तू तिथे काय करणार, की कागद दुसरीकडे कुठे मिळाले, मला काही कळत नाही. पण हे पत्र मी लिहितोय ते वेगळ्याच कारणाने, आणि लिहिताना माझी बोटं नाचताहेत.

मला आठवलं! काल संध्याकाळी पेटी सरकवताना तिची कडी वाजली, आणि त्या आवाजामागून दाजींचं सगळं वाक्य चालत आलं. ते म्हणाले होते, "घराचे कागद आहेत. दुकानापासून लांब राहू देत. नवं मशीन बघितलं की माझं डोकं फिरतं, ते मला माहीत आहे. मी मागायला आलो तरी लगेच देऊ नका. चार दिवस थांबवा. तुम्ही कवितेत असता, उगाच खोदून विचारणार नाही, म्हणून तुमच्याकडे."

खारूताई, आपण समजत होतो त्यांनी काहीच योजलं नव्हतं. त्यांनी योजलं होतं! माणूस स्वतःला ओळखून स्वतःवरच कुलूप घालून गेला. फक्त तुला सांगायचं राहिलं, आणि ज्याच्या कानात सांगितलं तो मेला कवितेतल्या ओढ्याच्या काठी बसलेला. हे मी तुला अकरा वर्षांपूर्वी, निदान दहा दिवसांपूर्वी तरी सांगायला हवं होतं. आता अर्ध्या तासात पत्र कसं पोचणार?

थांब, कोणीतरी दार वाजवतंय. ड्रायव्हर असेल. तू नाहीस हे नक्की, कारण किल्ल्यांचा आवाज नाही. जिन्यावरसुद्धा नव्हता. आलोच.

.....

तू आत हातपाय धुते आहेस आणि मी घाईने हे पूर्ण करतोय. अर्धवट पत्र मी आयुष्यात सोडलेलं नाही. हातात देईन, तिकीट वाचलं.

दारात कोणी चष्मेवाली बाई उभी. मी म्हटलं, "कोण पाहिजे?"

"मामा, मी! पहिली रजा घेतलीय. पगार कापणार आहेत."

मी तुझ्या कमरेकडे बघतच राहिलो. काही नाही! तू इतकी हलकी दिसत होतीस की मला वाटलं, आजारी आहेस.

"जुडगा कुठाय?"

"फोरमनबाईंकडे. बावीसच्या बावीस. वाजत फिरताहेत दिवसभर, मावशी वैतागल्यात."

"अगं पण बँक? अकरा वाजता..."

"तिकडे आई गेलीय, 'नको' सांगायला. तिलाच जायचं होतं. नवी चादर आणायचीय म्हणाली, येताना घेऊन येते." मग तू दारातच चपला काढत एका दमात सांगितलंस, की एका रविवारी तू कागद घेऊन बसलीस आणि लिहिलंस, हप्ता चुकला तर पहिला पगार कोणाचा थांबेल? तर हजेरीबुकातल्या शेवटच्या नावाचा. दुसरा हप्ता चुकला तर आईचं घर. मग खाटावाल्यांना म्हणालीस, निम्मी ऑर्डर द्या, त्यांचं जुनं पडून असलेलं मशीन भाड्याने द्या, आणि ते हो म्हणाले! खडूच्या चौकोनात ते अंमळ लहान पडतंय, एवढंच.

"पण मग पेटी न्यायला आलीस ना?" मी विचारलं. दाजींचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. चार दिवस थांब, म्हणणार होतो.

तू मूठ उघडलीस. तळहातावर पानाच्या आकाराची पितळी किल्ली, घामाने ओली. पाच तास बसमध्ये मुठीत धरलेली. ती तू माझ्या हातात ठेवलीस आणि दाराशी ठेवलेली पेटी पायाने सरकवत सरकवत परत कोपऱ्यात नेलीस.

"न उघडताच?" मी म्हटलं.

"तिसऱ्या रकान्यात तुझं नाव लिहिलंय," तू म्हणालीस. "कुंडी कुठाय? आण इकडे."